केव्हाही रद्द करता येईल

विजेच्या खात्यात निम्मी नोकरी झालेल्या वासुदेवरावांना विजेचा पहिला झटका बसला तो वर्ध्यात, बायकोच्या भाड्याच्या घरात, दिवेलागणीला तोंड धुऊन ओल्या हातानं दिवा लावताना. झटका काही मोठा नव्हता. कोपरापर्यंत मुंग्या आल्या, हात आपसूक मागे आला आणि खांद्यावरचा पंचा खाली पडला. पण ते तसेच भिंतीकडे बघत उभे राहिले. रुख्माबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, कोनाड्यातली लाकडी पट्टी उचलली आणि तिच्या टोकानं बटण दाबलं. दिवा लागला. "ते बटण हातानं नाही लावत, फुटकं आहे," त्या म्हणाल्या. "तुमाले लागलं काय?" वासुदेवराव म्हणाले, नाही, विशेष नाही. "इथं सर्वायले माहीत आहे," असं जाता जाता म्हणून त्या आत गेल्या, कारण आत फोडणी करपत होती. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. रुख्माबाई टोमणे मारत नसत. पण हाताच्या मुंग्या गेल्या तरी ते 'सर्वायले' काही वासुदेवरावांच्या मनातून जाईना. सर्वांना म्हणजे कोणाला, हे ते आठवत बसले. पाणी भरणाऱ्या धुरपताला माहीत होतं. शिकवणीला येणाऱ्या मुलींना माहीत होतं. घरमालकाच्या मांजरालाही बहुधा माहीत असावं. लग्नाला तीन वर्षं झालेल्या नवऱ्याला मात्र माहीत नव्हतं.

तसे ते सुखात होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर रजेवर आलेला सरकारी माणूस म्हटला की लोकांना तो दुःखी वाटायला लागतो. दिवाळीला जोडून त्यांनी दिल्लीच्या कचेरीतून चांगली लांब रजा काढली होती. सकाळी ऊन अंगावर घेत ते रस्त्यानं फिरून येत. सरकी काढणाऱ्या जिनाकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या असत आणि वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकलेले असत. परत येऊन वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर खायची आणि दुपारी खाटेवर आडवं व्हायचं. रुख्माबाई शाळेत शिकवायला गेलेल्या असत. घर शांत असे. अशा दुपारी डोळ्यांवर झापड येता येता त्यांना दिल्लीच्या टेबलावरची ती एक फाइल आठवे आणि ती आठवली की सुखात भरच पडे, कारण ती त्यांना आपली सर्वांत चांगली कामगिरी वाटत होती. आपल्या बाजूला नदीकाठी एक छोटं वीजघर होतं आणि पलीकडच्या काठाला नेपाळातलं एक गाव. तार न्यायची म्हणजे जेमतेम काही खांबांची बाब. पण मधे देशाची सीमा होती, त्यामुळे कागद चार खात्यांतून फिरत होता. परराष्ट्रवाल्यांना नकाशाविषयी शंका, संरक्षणवाल्यांना खांबांच्या उंचीविषयी, आणि अर्थखात्याला सवयीनं सगळ्याविषयीच. शेवटी सगळ्यांना गप्प केलं ते वासुदेवरावांच्या एका वाक्यानं. परवानगीच्या मसुद्यात अगदी तळाशी त्यांनी लिहिलं होतं की ही परवानगी भारत सरकारला कोणतंही कारण न देता केव्हाही रद्द करता येईल. साहेबांनी चष्मा वर करून म्हटलं होतं, "इस एक लाइन में सब आ गया." शंकेखोरांनी सह्या केल्या. मग मसुदा पलीकडे गेला आणि बऱ्याच महिन्यांनी तिकडून उत्तर आलं. कुठली पिठाची गिरणी नाही, तेलाची घाणी नाही, शेतावर पंप नाही. रस्त्यावर तीसेक दिवे आणि दवाखान्यात एक, एवढीच मागणी होती. वासुदेवरावांना हसू आलं होतं. एवढ्याशा विजेसाठी नदीवरून तार कोण नेणार? मागणी नगण्य, खर्च निघणार नाही, सबब प्रकरण बंद करावं, असं टिपण त्यांनी तयार करून ठेवलं होतं. रजेवरून गेलं की त्याखाली सही करायची आणि फाइल फडताळात टाकायची.

झटका बसला त्या रात्री जेवताना रुख्माबाईंनी ताटाकडे बघत विषय काढला. शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांची जागा मंडळानं रुख्माबाईंना देऊ केली होती. "सोमवारी उत्तर द्यायचं आहे," त्या म्हणाल्या. "हो म्हटलं की मंग मले दिल्लीले येणं नाही जमणार. सुटीतसुद्धा नाही. काय सांगू?" वासुदेवरावांच्या तोंडातून जे वाक्य बाहेर पडलं ते इतकं सरावाचं होतं की आपण बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. "तुमची इच्छा. माझी हरकत नाही." रुख्माबाईंनी "बरं" म्हटलं आणि ताटं उचलली. दोघं एकमेकांना अहो-जाहो करत. थोरले बंधू बबनराव यावरून चिडवत, की तुमच्या घरात नवरा कोण अन् बायको कोण हे बाहेरच्याला कळायचं नाही. वासुदेवरावांना मात्र आपल्या या वागण्याचा अभिमान होता. पहिली बायको बाळंतपणात गेल्यावर बरीच वर्षं ते एकटे राहिले. मग आर्वीच्या या मास्तरीणबाईंचं स्थळ आलं. वडलांचं आजारपण काढता काढता त्यांचं लग्न राहून गेलेलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वासुदेवरावांनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "दिल्ली मानवली नाही तर मनाला लावून घेऊ नका. नोकरी सोडू नका. माझ्याकडून कसलंही बंधन नाही. वाटेल तेव्हा तुम्ही मोकळ्या." त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या होत्या. दर सुटीत त्या एक ट्रंक घेऊन दिल्लीला येत, घर लख्ख करत, लोणचं घालून ठेवत आणि सुटी संपली की तीच ट्रंक घेऊन जात. नागपूरला प्रांताच्या वीज खात्यात एक जागा होती. पगार थोडा कमी, मान बराच कमी, पण वर्ध्याहून जाऊन-येऊन करण्याजोगी. ती वासुदेवरावांना दोनदा देऊ केली गेली होती आणि दोन्ही वेळा त्यांनी "पाहू" म्हटलं होतं, कारण ती घेतली तर दिल्लीची जागा कायमची जाणार होती. हातचं का सोडावं? माणसानं परतायची वाट ठेवावी. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी हेच स्वतःला पुन्हा सांगितलं, पण झोप लवकर लागली नाही. सोमवारनंतर सुट्यांत कोणी येणार नाही. लोणच्याची बरणी रिकामी होईल आणि मग ती धुऊन ठेवायची की तशीच राहू द्यायची, हेही कोणी सांगणार नाही. एवढ्याशा गोष्टीनं आपल्याला इतकं भरून का यावं, हे त्यांना समजेना. ते त्या 'मोकळ्या' शब्दाभोवती घुटमळत राहिले. किती चांगला शब्द. त्यांनी तो किती जपून निवडला होता.

रविवारी दोघं सेलूला गेले, बबनरावांकडे जेवायला. वासुदेवराव खुशीत होते. चारच दिवसांपूर्वी त्यांनी सेलूच्या शेतावर एक चांगलं काम केलं होतं आणि त्याची चव अजून जिभेवर होती. बबनरावांनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं. पाणी इतकं की आपल्या मळ्याला पुरून उरे. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे पुनाजी उईक्याचं वावर होतं. पुनाजीच्या बापानं जंगलातलं लाकूड तोडता तोडता पै-पै करून घेतलेली ती जमीन, काळी पण कोरडी. बबनरावांनी त्याला पाणी द्यायचं कबूल केलं आणि ठरल्या दिवशी इंजिनाचा पट्टा झिजला म्हणून नवा आणायला त्यांनाच नागपूरला जावं लागलं. मग धुरा फोडायचा मान घरचा माणूस म्हणून वासुदेवरावांकडे आला. पुनाजी आणि त्याची बायको सखू नारळ घेऊन उभे होते. बोरीच्या सावलीत ओल्या पोत्याखाली केळीचे कंद झाकून ठेवलेले होते. वासुदेवरावांनी धोतर खोचलं, फावडं घेतलं आणि तीन-चार घावांत धुरा फोडला. पाणी आधी थबकलं, मग मातीचा एक ढेकूळ लोटून पलीकडे शिरलं. सखूनं वाकून त्यावर हळद-कुंकू टाकलं. किती वर्षांनी हाताला मातीचा वास लागला होता. तळव्यावर फोड आला तोही त्यांना आवडला. "सध्या घ्या," ते पुनाजीला म्हणाले, "पुढचं पुढं पाहू." मग त्यांनी त्याच पाण्यात फावडं स्वच्छ धुतलं, खांद्यावर टाकलं आणि ते घराकडे निघाले. दुसऱ्याच्या वावरात अवजार विसरू नये, एवढं आपण विसरलो नाही याचं त्यांना समाधान वाटलं. पुनाजी दोन पावलं मागे आला आणि थांबला. तो निरोप द्यायला आला असेल असं त्यांना वाटलं होतं.

आता बबनरावांच्या अंगणात तेच फावडं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि बबनराव त्याच्याकडे अशा नजरेनं बघत होते, जसं कोणी घरात आलेल्या परक्या कुत्र्याकडे बघावं. "वासुदेव," ते म्हणाले, "हे फावडं तू काऊन घरी आणलं?"

"का? आपलंच आहे ना?"

"आपलंच हाये. म्हणून तं ठेवून या लागते." बबनराव खाटेवर बसले. रागावले म्हणण्यापेक्षा ते थकल्यासारखे दिसत होते. "पाणी देल्लं का फावडं तिथंच सोडून येतेत. घेणारा ते आपल्या घरी नेते. मंग कधी धुरा बुजवायची पाळी आली तं आपल्याले त्याच्या दारात जाऊन मागा लागते. तोंडावर मागा लागते. सर्वायची हेच रीत हाये. तू खांद्यावर टाकून आणलं, म्हंजे त्याचा अर्थ काय झाला? आमी केव्हाही बंद करू. अन् वरून पाहू म्हणाला. मले सखूनं सांगतलं."

"मला खरंच माहीत नव्हतं, भाऊ."

"तुले माहीत नाई, पण पुनाजीनं हरभरा पेरला ना."

वासुदेवरावांना क्षणभर काही कळलं नाही. मग त्यांना बोरीखालचं ओलं पोतं आठवलं. केळीला बारा महिने पाणी हवं, हरभऱ्याला ते मिळालं तर मिळालं, न मिळालं तरी चालतं. उद्या बंद होऊ शकेल अशा पाण्यावर केळी कोण लावील? त्यांना त्यांचे वडील आठवले. मोटेच्या दिवसांत एकदा ते शेतावरून रिकाम्या हातानं आले होते आणि आईनं विचारलं होतं, फावडं कुठं आहे? वडील नुसते चुळा भरत राहिले होते. लहान वासुदेवला वाटलं होतं, बाबा विसरले. पुढं शिकायला वर्ध्याच्या बोर्डिंगात, मग नागपूरला, मग दिल्लीला जाईपर्यंत आणि तिथंही, जेव्हा जेव्हा वडील आठवत तेव्हा ते थोडे विसराळू म्हणूनच आठवत. तो सगळा विसराळूपणा आज एका वाक्यात पुसला गेला. मागे उभ्या रुख्माबाईंनी सारं ऐकलं होतं. त्या वहिनींना पोळ्या लाटू लागायला आत गेल्या.

जेवण झाल्यावर वासुदेवराव फावडं घेऊन एकटेच शेतावर गेले. हरभऱ्याच्या पेरणीच्या ओळी सरळ पडल्या होत्या. पुनाजी धुऱ्यावर बसून तिफणीची दोरी सोडत होता. त्यांना बघून तो उठला. वासुदेवरावांनी फावडं त्याच्यासमोर जमिनीत रोवलं. "हे तुमचं," ते म्हणाले. "मी चुकलो. पाणी तुमचं आहे. पाहू वगैरे काही नाही."

पुनाजीनं मान हलवली. त्यालाच संकोच झालेला दिसत होता. "चालते जी," तो म्हणाला, "तुमी बाहेर राहता."

"केळीचे कंद?"

"मेव्हण्यानं नेले. वाळून चालले होते." त्यानं वावराकडे पाहिलं. "आता हरभरा निघू द्या. मंग पुढच्या साली आणतो कंद." सखू झोपडीतून आली, तिनं फावडं उचललं, नवऱ्याला त्यांच्या गोंडी बोलीत काहीतरी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. पुनाजीही हसला. ते आपल्याला हसले हे वासुदेवरावांना कळलं आणि त्यांना बरं वाटलं. एक साल मात्र गेलं होतं. ते त्यांच्यामुळे गेलं होतं आणि कोणी त्याचा हिशेब मागणार नव्हतं.

परतताना ते धुऱ्याधुऱ्यानं चालत होते तेव्हा एकाएकी त्यांचे पाय थांबले. तीसेक दिवे आणि दवाखान्यात एक. नदीपलीकडचे ते लोक वेडे नव्हते. गिरणी टाकायची म्हणजे कोणीतरी घर गहाण ठेवून यंत्र आणणार. पंप बसवायचा म्हणजे नवं पीक घ्यायचं. आणि कागदाच्या तळाशी लिहिलेलं, की केव्हाही रद्द करता येईल, कारणही देणार नाही. मग त्यांनी काय मागावं? दिवे मागितले. दिवा विझला तर कंदील लावता येतो. त्यांनी हरभरा पेरला होता, आणि वासुदेवरावांनी तो बघून लिहिलं होतं, मागणी नगण्य. त्यांना त्या गावाचं एकही माणूस ठाऊक नव्हतं, पण त्या क्षणी ते गाव त्यांना सेलूइतकं जवळ वाटलं आणि स्वतःच्या हसण्याची लाज वाटली. ते तिथंच उभं राहून मनात मसुदा करू लागले, कारण दुसरं काय येत होतं त्यांना? प्रकरण बंद करावं हे टिपण फाडायचं. परवानगी दोन्ही सरकारांच्या संमतीखेरीज मागे घेता येणार नाही, आणि घ्यायचीच झाली तर आधी पुरती मुदत द्यावी लागेल, असं लिहायचं. साहेब चष्मा वर करतील. अर्थखातं तर फाइल उचलून आपटेल. कदाचित वाक्य खोडलंही जाईल. पण त्याखाली सही आपली असेल आणि कोणाला खोडायचं असेल तर त्याला आपल्या नावानिशी खोडावं लागेल. एवढं ठरलं तशी छाती हलकी झाली. पुन्हा चालू लागले तेव्हा त्यांना समजलं की आपण फाइल आधी निकालात काढली, कारण ती सोपी होती. खरा प्रश्न पुढं गावात, वहिनींनी दिलेली वांगी पिशवीत भरत बसला होता.

सेलू रोडच्या स्टेशनवर गाडीला उशीर होता. दोघं बाकावर बसले, मधे वांग्यांची पिशवी. ऊन कलत होतं. वासुदेवरावांनी पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि ते म्हणाले, "उद्या तुम्ही मंडळाला हो सांगा. मोठ्या बाई व्हा. मी नागपूरची जागा घेतो."

रुख्माबाईंनी मान वळवली. "अन् दिल्लीची?"

"सोडतो."

"परत जाता येईल काय?"

"नाही. एकदा सोडली की गेली." आता थांबलो तर पुन्हा सरावाचंच काही तोंडातून निघेल, अशी त्यांना भीती वाटली. "त्या दिवशी मी म्हणालो हरकत नाही, ते खोटं होतं. मला हरकत आहे. तुमच्याशिवाय राहायला मला हरकत आहे. तुम्ही मोकळ्या आहात म्हणालो तेव्हाही मनातून वाटत होतं, या बाईनं कुठं जाऊ नये. पहिल्यापासून वाटतं."

रुख्माबाईंनी नजर रुळांकडे वळवली. वासुदेवरावांना वाटलं, आता त्या "बरं" म्हणतील. दुसरं काही येईल असं त्यांच्या मनातही नव्हतं. पण रुख्माबाईंचा चेहरा लाल झाला आणि शाळेतली उरलीसुरली शुद्ध भाषा बाजूला पडून आर्वीची मुलगी बोलायला लागली.

"हे तीन वर्साआंदी सांगाले काय झालतं तुमाले?"

वासुदेवरावांनी पलीकडची पिशवी मांडीवर घेतली.

"मोकळ्या म्हने मोकळ्या. मले कोनी इचारलं होतं, का बाई, तुले मोकळं व्हाचं हाये का? मी काय दावनीचं ढोर हाये, सोडाले? तुमच्या त्या दिल्लीच्या घरात एक पडदा नाई शिवला म्या. हौस नव्हती का मले? वाटे, कायले शिवू, उद्या हा मानूस म्हनीन, बरं, निघा आता. येवढं शिकले अन् येवढं समजलं नाई?"

तीन वर्षांत दोघांत एकदाही भांडण झालं नव्हतं आणि वासुदेवराव दिल्लीच्या मित्रांना हे कौतुकानं सांगत आले होते. आता गाडी आली, ते डब्यात चढले, पिशवी वर ठेवली, तरी रुख्माबाई थांबल्या नाहीत. पहिल्या दिवाळीला वासुदेवरावांनी पाठवलेलं लुगडं कसं नुसतं टपालानं आलं होतं, चिठ्ठीत कशी ख्यालीखुशालीखेरीज एक ओळ नव्हती, स्टेशनवर सोडायला येऊन ते कसे गाडी हलायच्या आधीच घड्याळ बघत, सगळं एकेक करून बाहेर येत होतं. आवाज मोठा नव्हता, पण डब्यात ऐकू जाण्याइतका होता. वासुदेवरावांना बचाव करायचाच नव्हता. हा राग इतकी वर्षं जपून ठेवलेला होता, तो आपल्यासाठी होता, आणि आपण दिल्लीत बसून या बाईला शांत स्वभावाची समजत होतो. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

समोर गाठोडं घेऊन बसलेली एक म्हातारी केव्हाची ऐकत होती. तिला वासुदेवरावांची दया आली असावी. "काऊन वो बाई," ती रुख्माबाईंना म्हणाली, "येवढं काऊन बोलून राह्यली त्याईले? कोन हाये ते तुये?"

"नवरा हाये माह्या," रुख्माबाई म्हणाल्या. "परक्याले बोलता येते का येवढं?"

म्हातारीला ते पटलं. तिनं गाठोडं बाजूला सारलं आणि वासुदेवरावांना पाय पसरायला जागा करून दिली.